दुसरं आमेन

४ मार्च, सोमवार

काल इथे लिहिलं ते चूक आहे. “आई रोज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची.” प्रत्येकाचं नाही! दादाचं नाव ती घेत नसे. तो घर सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली, एकदाही नाही. वाक्य खोडलं, खरं होतं ते लिहिलं.

सतराच्या रविवारी आईची स्मरणसभा. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “जीवनवृत्त तूच लिही, तूच वाच. तुझ्याइतकं नेमकं कुणाला जमणार?” म्हणून आधी इथे जमवतेय.

दुसरी चूक – “आई कधी रागावली नाही.” काहीतरीच! बाबांवर रागवायची, माझ्यावर रागवायची, प्रभूवरही. डोळे मिटून, हात जोडून, बाबांना ऐकू जाईल अशा बेताने – “प्रभू, तुला सगळं दिसतं ना? मग स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो दिसत नाही?” बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करतात. जगाची यंत्रं नीट, घरचा नळ गळका. पण अशी प्रार्थना झाली की दुसऱ्या दिवशी वॉशर यायचा.

प्रार्थनेची आमची पद्धतही लिहायला हवी, सभेतल्या सगळ्यांना ती ठाऊक नसेल. आई एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागायची आणि ज्याचं नाव, त्याने “आमेन” म्हणायचं. जे घरात नाही त्याच्या वतीने आई स्वतः म्हणायची. आधी बाबा, मग आजी – ती काकांकडे असते, म्हणून तिचं आमेन आईच म्हणायची – मग मी. पूर्वी आजी आणि मी यांच्यामध्ये दादा असायचा.

दादाला पाळक व्हायला पाठवलं होतं. चर्चच्या सगळ्या मंडळीने गाणी गाऊन निरोप दिला होता. दुसऱ्याच वर्षी परत आला, म्हणाला, “माझा विश्वास उरला नाही, आणि नसताना मी तिथे उभा राहणार नाही.” बाबा म्हणाले, “मग या घरात तुझं नाव उरणार नाही.” आता तो दुसऱ्या शहरात एका लाँड्रीत काम करतो.

५ मार्च, मंगळवार

दादाचा फोन आला. दफनाच्या दिवशी तो कबरस्तानाच्या फाटकाशी उभा होता, आत आला नाही. त्यानंतर आज. इकडचं तिकडचं बोलला. मग, माझ्या चुका काढण्यावरून ठेवलेल्या जुन्या नावाने –

“ए इन्स्पेक्टर, एक विचारू? आई संध्याकाळी माझं नाव घ्यायची का गं?”

“नाही,” मी म्हटलं.

मागे यंत्राची घरघर.

“एकदाही?”

“एकदाही नाही. खोटं कशाला सांगू?”

“छे छे, तू कशाला सांगशील!” हसला. “रविवारी येईन म्हणत होतो. जाऊ दे, कामच आहे.” फोन ठेवला.

जे होतं तेच सांगितलं. मग अजून फोन हातात धरून का बसलेय?

७ मार्च, गुरुवार

मावशी आईची धाकटी बहीण. मदतीला आलीय ती राहिलीच आहे. तिला फोनचं सांगितलं. भांडी विसळता विसळता थांबली. “पोराच्या आईला पुरून महिना झाला नाही, आणि तू त्याला हे सांगितलंस?” मी म्हटलं, त्याने विचारलं. खोटी साक्ष देऊ नको हे तुम्हीच शिकवलंत. “अगं, तुला साक्ष कुणी मागितली? त्याला आई हवी होती!” पुढे दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

८ मार्च, शुक्रवार

जीवनवृत्त पाळकसाहेबांना देऊन आले. त्यात शिकण्याचा भाग बरा उतरलाय. लहानपणी मी सारखी आजारी, आठ वर्षांची होईपर्यंत शाळा घरीच झाली. आई इस्त्री करायची – मंडळीची वेदीवरची पांढरी वस्त्रंही तिच्याकडेच असत – आणि मी शेजारी उभी राहून मोठ्याने वाचायचे. नीट वाचलं की इस्त्री चालू. चुकलं की इस्त्री उभी! आई काही बोलायची नाही. पुढचं कापड सुरकुतलेलंच पडून राहायचं, मी चूक शोधून काढेपर्यंत. सापडली की म्हणायची, “चला बयो, गाडी सुटली.” आज प्रयोगशाळेत मी रिपोर्ट तपासते, दशांशचिन्ह सरकलेलं मला लांबून दिसतं. ते त्या इस्त्रीपाशी शिकले.

पाळकसाहेबांनी माझ्यासमोरच वाचलं. दादाच्या वाक्याशी थांबले. “केवढी मोठी बाई! पोटच्या मुलापेक्षा प्रभूला वर ठेवलं. रविवारचा संदेश मी यावरच देणार.”

मला हे म्हणायचं नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, आणि खरं होतं. मान हलवून आले.

दादाचा फोन बंद.

१० मार्च, रविवार

आई गेल्यापासून पहिल्यांदाच बाबांनी प्रार्थना घेतली. मावशीचं नाव घेतलं, मावशीने आमेन म्हटलं. मग आजीसाठी मागितलं, तिचं आमेन स्वतः म्हटलं. मग थांबले. आणि पुन्हा म्हणाले, “आमेन.” मग माझं नाव. मला वाटलं, दुःखाने गोंधळलेत.

नंतर म्हटलं, “बाबा, आजीचं आमेन दोनदा झालं.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “दुसरं आजीचं नव्हतं.”

“मग?”

“तुझी आई म्हणायची ते. नाव घ्यायचं नाही असं मी सांगितलं होतं. थांबायचं नाही असं नव्हतं सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी थांबली. मी डोळे उघडले, तर तिचेही उघडेच. माझ्याकडे बघत म्हणाली – आमेन.” बाबांनी चष्मा काढला, उगाचच पुसला. “मी डोळे मिटून घेतले. त्यानंतर रोज. मला वाटायचं, तुला माहीत आहे.”

माहीत नव्हतं! सहा वर्षं त्याच चटईवर आईच्या शेजारी बसले. माझं नाव पुढचं, म्हणून माझं लक्ष माझ्याच आमेनकडे. आणि ऐकू येत नव्हतं असंही नाही. एकदा मी आईलाही हेच म्हटलं होतं, याच शब्दांत – आजीचं आमेन दोनदा झालं. चूक दाखवली होती! आई ओट्यावर फडकं फिरवत म्हणाली, “हो का? होऊ दे गं. म्हातारीला जरा जास्तच लागतं.”

मी हसलेसुद्धा होते.

११ मार्च, सोमवार

कामावर एक रिपोर्ट तीनदा वाचला, काय वाचलं ते कळलं नाही.

“नाव घेत नसे.” अक्षर न् अक्षर खरं. आणि याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही. दादाला ऐकवलं. कागदावर लिहून पाळकसाहेबांच्या हातात दिलं. आता ते रविवारी सगळ्या मंडळीला सांगणार की या बाईने मुलाला मनातून काढलं, आणि लोक माना डोलावतील! आईच्याच स्मरणसभेत.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. म्हणाले, “गोड आठवण आहे. पण संदेश तयार झालाय, बाळ. आणि शेवटी नाव तर नाहीच ना घेतलं?”

माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. तोंड वर करवेना. कागद परत मागितला, तेवढं कसंबसं जमलं. संदेश काही परत मागता येत नाही.

१२ मार्च, मंगळवार

दादाचा फोन बंदच. मावशी म्हणते, “लागला तरी फोनवर काय सांगणार आहेस? ‘नाही’ म्हणायला फोन पुरतो. याला नाही पुरणार.”

१३ मार्च, बुधवार

लाँड्रीच्या मालकाचा नंबर मिळाला. म्हणाला, “तुम्ही बहीण ना? त्याने सांगितलं नाही? नोकरी सोडली त्याने. जहाजावरच्या लाँड्रीत लागलाय. दोन वर्षं तरी येत नाही. परवाच म्हणाला, आता इकडे अडकायला काही उरलं नाही.” सध्या त्यांना कंपनीच्या वसतिगृहात ठेवलंय, भेटू देत नाहीत. रविवारी सकाळी दहाला बंदराच्या फाटकातून आत घेतील. भेटला तर तिथेच, आत जायच्या आधी.

दहाला इथे सभा.

बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रू डबीत ठेवला. मग म्हणाले, “तो कागद माझ्याकडे दे. मी वाचतो. संदेशाच्या आधी वाचतो, आणि त्याचं नाव घेऊन वाचतो.”

दादाचं वाक्य खोडून त्या जागी दुसऱ्या आमेनचं लिहिलं आणि कागद बाबांना दिला. शनिवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. रविवारी दहाच्या आधी बंदराच्या फाटकाशी पोहोचेन. आईच्या सभेत मी नसेन.