माकडहाडापाशी

६ जानेवारी २००३, सोमवार
आज ऑफिसात उभ्यानंच टायपिंग केलं. माकडहाडापाशी पुन्हा गाठ आली. गरम, सुपारीएवढी. दिवाळीत आली होती तशीच. तेव्हा फुटली, पू निघाला, आई म्हणे, झालं, गेलं सगळं. कुठं गेलं.
तिवारी सर, आमचे बडे बाबू: "बैठ के काम करो बेटा, अच्छा नहीं लगता." मी म्हटलं, पीठ में दर्द है सर. खोटं. पण त्या जागेचं नाव चारचौघात घ्यायचं नसते ना.
भोपाळपासून तुटून नवं राज्य झालं, नवा विभाग, अन् खुर्च्या तिथूनच आलेल्या, मोडक्या.

८ जाने.
आईनं गुढियारी वस्तीतल्या एका औषधवाल्या बाईकडे नेलं. बाहेर बोर्ड: बवासीर, भगंदर, बिना ऑपरेशन. बाईनं पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं. "बवासीर है." मी म्हटलं, मूळव्याध तर खाली होते, हे वर आहे. म्हणे, "पढ़ी-लिखी लड़कियाँ बहुत बोलती हैं." आईले पटलं ते. लाल मलम घेऊन आलो.

११ जाने.
मलमानं कातडी जळली. ताप. ऑफिस बुडालं. कंत्राटी नोकरी, किती दिवस बुडवू.
छोटी (माझी बहीण मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीतच देते): "माँ, दीदी को सर्जन के पास क्यों नहीं ले जाते?"
आई: "पुरुष डॉक्टरले तिथं दाखवू काय पोरीले? नागपूरच्या मंडळींनी ऐकलं तर?"
नागपूरची मंडळी म्हणजे मावशीनं आणलेलं स्थळ. फेब्रुवारीत पाहायले येणार.
म्हणजे मले काय झालं ते मोठं नाही. नागपुरात कोण काय ऐकते ते मोठं.

१३ जाने.
कोणाले न सांगता शंकर नगरले सर्जनकडे गेली, एकटी. सर्जन पन्नाशीचे. नर्सदीदी बाजूले उभी राहिली. लाज वाटली, खोटं काहून लिहू. पण दुखणं लाजेपेक्षा मोठं झालं होतं.
डॉक्टर लगेच म्हणाले, "पायलोनिडल सायनस." मग नीट समजावून सांगितलं. माकडहाडाखालच्या फटीत केस कातडीत घुसते, आत पोकळी करते, त्यात पू साचते. वरून बारीक भोक दिसते, आत बोगदा. बवासीर नाही, भगंदर नाही. बसून काम करणाऱ्यांना, ड्रायव्हर लोकांना जास्त. पोट्ट्यांना जास्त, पण पोट्टींनाही होते.
विचारलं, मेरी सफाई में कमी थी क्या?
"नहीं. इसमें तुम्हारी कोई गलती नहीं है."
दिवाळीपासून मी दोन-दोनदा आंघोळ करून राहिली होती. चामडी सोलून निघेपर्यंत. रडू नाही आलं, रागच आला.
तिथंच सुन्न करून चीर दिली, पू काढला. मुळापासून काढायले ऑपरेशन नंतर. सायकलरिक्षात गुडघे टेकून, सीटच्या पाठीकडे तोंड करून घरी आली. लोक पाहून राहिले. पाहू दे.
घरी सगळं सांगितलं. आई जेवली नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला. रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म गेला त्यांचा, बोलणं कमीच. म्हणाले, "रोगाचं नाव काय सांगितलं? पुन्हा सांग." घरात पहिल्यांदा कोणी नाव विचारलं.

३ फेब्रुवारी
शुक्रवारी ऑपरेशन झालं. पालथ्यानं लिहून राहिली, अक्षर असंच येणार.
जखम शिवली नाही, उघडीच ठेवली. आतून भरत आली पाहिजे. वरून आधी बंद झाली तर आत पुन्हा पोकळी. रोज ड्रेसिंग. कितीक आठवडे लागतील, डॉक्टर नक्की सांगत नाहीत.
नर्सदीदीनं विचारलं, घर पे कौन करेगा? आई भिंतीकडे पाहत होती.

५ फेब्रु.
आईनं केलं. जुनी पट्टी काढून पाहिलं. "एवढं मोठं भोक. अन् मी मलम लावत बसली."
पण पट्टी आत भरताना आवाज कडक: "हलू नको."

१२ फेब्रु.
मावशीचा फोन. पाठीच्या मणक्यात गॅप आहे म्हणून सांगा, आजकाल सगळ्यांनाच असते. आई हो-नाही करत राहिली. मी रिसीव्हर घेतला. "मावशी, पाठ माझी चांगली आहे. जे आहे ते सांगीन. त्याच्यावर यायचं तर या."
मावशी म्हणे, काय पोट्टी आहे.
हो. आहे.

२३ फेब्रु., रविवार
आले. सुधीर, त्याची आई, सोबत मावशी. मी उभीच.
"बस ना बाळ."
"बसता येत नाही काकू. माकडहाडापाशी ऑपरेशन झालं."
मावशी पोह्याच्या बशीत पाहायले लागली. काकूंनी विचारलं, "म्हणजे कुठं?" सांगितलं. "परत होते काय?" म्हटलं, होऊ शकते. तिथले केस काढत राहावे लागतात, फार वेळ बसायचं नाही. आत छोटी फिसकन हसली. बाबा पंख्याकडे पाहून राहिले, पण मले थांबवलं नाही.
चहा आला तसा सुधीर कप घेऊन उभा राहिला अन् उभ्यानंच प्याला. चांगुलपणा का अवघडलेपण, कळलं नाही.
गेल्यावर आई म्हणे, "एवढं उघडून सांगायची काय गरज होती?" ड्रेसिंग मात्र जास्तच हळू केलं.

३ मार्च
ऑफिस. तिवारी सर: "अब पीठ ठीक है?"
"सर, पीठ नहीं थी. टेलबोन के पास का ऑपरेशन था. बैठ नहीं सकती अभी."
सगळी शाखा ऐकून राहिली. मी म्हटलं, कॉम्प्युटर उस छोटी अलमारी पर रख दूँ, खड़े-खड़े करूँगी. "ऐसा कहीं होता है?" "यहाँ होगा, सर." त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शिपाईदादानं मॉनिटर उचलला, मी की-बोर्ड.
जेवणानंतर गाडीवाला साहूभैया जिन्यात थांबला. आधी भनपुरीकडे ट्रक चालवायचा, आता साहेबांची जीप. इकडं-तिकडं पाहून हळूच, "दीदी, डॉक्टर ने बीमारी का नाम क्या बताया?" कधीचा बवासीरचं औषध खाऊन राहिला. बायकोलेही सांगितलं नाही. नाव सांगितलं, डॉक्टरचा पत्ता सांगितला. "भौजी ला बता देबे," त्याच्याच बोलीत म्हटलं, वहिनीले सांग. "हव," म्हणे, खाली पाहून.

१० मार्च
मावशी पुन्हा फोनवर. नागपूरवाल्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे. की परत होणार नाही.
मी उठेपर्यंत आईच बोलली. "ताई, असं कोणता डॉक्टर लिहून देते? अन् दिलं तरी मी नाही देणार. त्यांच्या पोराच्या चष्म्याचा नंबर वाढणार नाही, असं लिहून मागितलं काय आम्ही?"
फोन ठेवला. मग तिलेच घाबरायले झालं. "जास्त बोलली काय मी?"
म्हटलं, नाही. कमी बोलली.

१६ मार्च, रविवार
काल दाखवलं. जखम बरीच भरली. खालच्या टोकाशी एक ठिपका ओला आहे अजून. डॉक्टरांनी सगळे बारीक केस साफ केले. "देखते हैं. नहीं भरा तो फिर सोचेंगे." पुन्हा चीर? "हो सकता है." ठीक आहे. एकदा झालं, पुन्हा करू. मलमवाल्या बाईकडे मात्र जाणार नाही.
दुपारी सुधीरचा फोन, त्यानं स्वतः केलेला. आईनं रिसीव्हर दिला अन् तिथंच कांदे चिरत बसली.
मी सरळ विचारलं, "सर्टिफिकेट तुम्हाले पाहिजे का तुमच्या आईले?"
"आईला," म्हणाला. मग, "तिनं मागितलं तेव्हा मी पण नको म्हटलं नाही. म्हणजे मलाही, असंच धरा."
निदान खरं बोलला.
"मग आता फोन काहून केला?"
"पुढच्या रविवारी एकटा येऊ का, ते विचारायला. तुमच्याशीच बोलायचं आहे."
म्हटलं, या. अकराच्या नंतर या, त्याच्याआधी माझं ड्रेसिंग असते.
आईनं कांदे चिरायचे थांबवून माझ्याकडे पाहिलं.