माळ्यावरची सुपं

मंगळवार, संध्याकाळ

प्रशांत आणि स्नेहलने आज घटस्फोटाच्या अटींवर सह्या केल्या. मध्यस्थ म्हणून माझं काम संपलं. मग जेवायचं सोडून हे काय लिहीत बसलेय?

आधी स्नेहलशी एकटीशी बोलले. म्हणाली, "मॅडम, लग्नानंतर पहिल्यांदाच यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर येतेय. माझा पहिला ओवसा, सुनेचा मान. सासरच्या गौरीपुढे भरून ठेवायला सुपं आणलीत, लालबागला आईकडे माळ्यावर आहेत. त्याने एकदा 'चल गावाक' म्हटलं ना, तर निघेन मी. पण तुम्ही सांगू नका. त्याचं त्याला वाटू दे."

"सुपांचं तरी सांगू?" मी दोनदा विचारलं. नाही म्हणाली. तिची परवानगी नाही म्हणजे माझं तोंड बंद. हा नियम मीच नवीन लोकांना शिकवते.

मग प्रशांत आला. खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. "ती काय बोलली का माझ्याबद्दल?"

"ते मला सांगता येणार नाही."

रोजचंच वाक्य. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे काहीच नाही. द्या, कुठे सही करू?"

'तूच विचार ना तिला.' एवढं म्हटलं असतं तर कुठला नियम मोडला असता? कुठलाच नाही. आणि हे सुचतंय कधी, तर आत्ता, घरी ताटावर बसल्यावर.

दोघांच्या सह्या होऊन तो गेल्यावर स्नेहल ऑफिसच्या जिन्यात माझ्यासाठी थांबली होती.

"मॅडम, तुमच्या ओळखीत कोणाला सुपं हवीत का? कोरी आहेत."