पऱ्हाटीचा ढीग

१९ जानेवारी, संध्याकाळ

मेहकरकडून परत आलो, पण सुभाषच्या बायकोची, नंदावहिनींची, पिठाने भरलेली बोटं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

कापूस पिकवणाऱ्या सुभाषच्या अंगणात शेतकऱ्यांची सभा होती. मी गरजलो, बीटी बियाण्याच्या भरवशावर राहून बोंडअळी आपणच पोसली, कापसाची वाळली झाडं, ही पऱ्हाटी, हे तिचं घर आहे, ते जाळा. इतकी वर्षं भाषणं करतो, पण कुणी तिथल्या तिथे ऐकल्याचं पाहिलं नव्हतं. आज सुभाष उठला आणि घरामागच्या पऱ्हाटीच्या ढिगाला त्याने काडी लावली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तेवढ्यात नंदावहिनी धावत बाहेर आल्या. बोटांना ज्वारीचं पीठ तसंच.

"काऊन जाळलं हो? पावसाळ्यापर्यंत पुरलं असतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता या टाळ्याईवर भाकर भाजून दाखवा मले."

मी मध्ये पडलो. "वहिनी, गॅस आहे ना?"

"हाय नं भाऊ. टाकी कोपऱ्यात रिकामी पडली हाय."

सरपण! इतकं वाचलं, अळीचा सगळा जन्म मला तोंडपाठ. आणि चूल? ती माझ्या भाषणात कुठे होती?

शेजारच्या रुखमाबाईंनी आपल्या ढिगातली मोळी आणून दिली. तो ढीग उद्या जाळायचं ठरलं होतं, माझ्याच सांगण्यावरून. पिठाची ती बोटं भाकरी थापू लागली. पहिली भाकर माझ्या ताटात आली. नको म्हणायची हिंमत झाली नाही. खाल्ली.