आईच्या हाताची कोंबडी

२९ जुलै १९८४, रविवार

मलाच सांगितलं! भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, माझंच नाव!

ऑगस्टमधला होमकमिंगचा रविवार म्हणजे आमच्या नीबो टेकडीच्या चर्चचं माहेरपण. डेट्रॉइटला गेलेले, शिकागोला गेलेले, सगळे त्या दिवशी अलाबामात परत येतात आणि पेकानच्या झाडांखाली जेवायला बसतात. यंदा चर्चला शंभर वर्षं होताहेत. रेव्हरंड टकर म्हणाले, यंदा एक टेबल खास मांडायचं, वर पाटी लावायची - ‘मदर आयडाची कोंबडी’. आणि मदर आयडाची कोंबडी तळणार कोण? तर तिची थोरली लेक, सिस्टर लुव्हीनिया!

टाळ्या काय वाजल्या! आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून चर्चची कोंबडी मीच तळते, आणि लोक म्हणतात की मदर आयडा गेली पण हात लूला, म्हणजे मला, देऊन गेली. मी खाली बघून बसले होते. बाईने अशा वेळी खाली बघावं. पण ऐकलं सगळं.

माझी धाकटी बहीण ओझेला तिसऱ्या रांगेत होती. सगळ्यांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलत होते, तिचा तेवढा थांबला. टाळ्या तिने वाजवल्या की नाही, ते दिसलं नाही. मी काही मुद्दाम बघितलं नाही.

घरी येताना माझा नवरा हॉलिस गाडीत म्हणाला, “डोकं फुगलंय, आता तुझी टोपी एक नंबर मोठी घ्यावी लागणार.” घ्यावी लागली तर घेईन!

३१ जुलै

आज सरावाची पहिली कोंबडी तळली. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी माझ्या नावाने भलतंच काही खपवायला नको. कोंबडी रात्रभर ताकात. ताकात मीठ, थोडी मोहरीची चटणी, आणि लाल तिखट - भीतभीत नाही, चांगलं सढळ हाताने. मैद्यात मिरपूड. दोनदा घोळवायची. बिडाच्या कढईत डुकराची चरबी अशी तापवायची की मैद्याची चिमूट टाकली तर गप्प बसता कामा नये. आणि कढईत गर्दी करायची नाही. गर्दी केली की कोंबडी तळली जात नाही, शिजते. झाली की नाही हे मी बघत नाही, ऐकते. चरबीची कुरकुर बारीक झाली की काढायची. माझा तुकडा मोडला की शेजारच्या खोलीत आवाज जातो.

हे सगळं मी लग्नानंतर शिकले. लहानपणी मी थोरली, अंगाने दणकट, म्हणून बाबांबरोबर कापूस वेचायला जायची. ओझेलाच्या छातीत कफ असायचा, म्हणून ती घरात आईजवळ, चुलीपाशी स्टुलावर बसलेली. मला मात्र स्वतः खटपट करून शिकावं लागलं, आणि बघा कोण पुढे गेलं!

ती माझ्याशी का बोलत नाही, तेही लिहून टाकते. आईच्या मातीच्या दिवशी दोघींनीही कोंबडी तळून आणली होती. माझं भांडं पार चाटूनपुसून रिकामं झालं. तिचं तसंच राहिलं, कारण ते बटाट्याच्या सॅलडच्या मोठ्या पातेल्यामागे लपलं होतं, कुणाला दिसलंच नाही. तिच्या मनाने घेतलं की मीच ते मागे सारलं. मी सारलं नव्हतं. टेबल आमच्या चर्चमधल्या क्लोटीलने मांडलं होतं, आणि क्लोटीलला आपण काय मांडतोय याची कधी शुद्ध नसते. मी ओझेलाला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला मी काय चोर आहे?

त्या दिवसापासून ती कोंबडी तळत नाही. कुणासाठीच नाही. चर्चला चवळी आणते. तिचं घर माझ्या घरापासून मैलभर. रविवारी “गुड मॉर्निंग” म्हणतो एकमेकींना. पुढे काही नाही.

३ ऑगस्ट

सराव दुसरा. हॉलिसने चार तुकडे खाल्ले आणि म्हणाला की चर्चची शताब्दी दरवर्षी यायला हवी.

७ ऑगस्ट

रॉस्को बरा नाही. म्हणजे ओझेलाचा नवरा. वसंत ऋतूपासून हृदयाचं दुखणं आहे, आता पायांवर सूज आलीय म्हणे. आज दुकानात दोघीजणी हळू आवाजात बोलत होत्या, मी गेल्यावर गप्प झाल्या.

आमच्याकडे ज्या घरात मयत होतं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजार जेवण नेतो. आणि या वाटेवर माझी कोंबडी पहिली पोचते, मयताच्या गाडीच्याही आधी! हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. (बढाई म्हणूनच लिहितेय. इथे कोण बघतंय?) चर्चचे डीकन प्रूइट गेले तेव्हा त्यांच्या बायकोला अजून रडू फुटलं नव्हतं आणि मी दारात गरम भांडं घेऊन उभी. ती म्हणाली, लू, तुझ्या कोंबडीच्या वासाने मला खरं वाटलं की ते गेले.

रॉस्कोचं काही झालं तर जायचं की नाही, यावर दिवसभर विचार केला. जायचं. तिने तोंडावर दार लावलं तरी भांडं पायरीवर ठेवून यायचं. मदर आयडाच्या लेकीने सख्ख्या बहिणीला दुःखाच्या दिवशी उपाशी ठेवलं, असं कुणी म्हणता कामा नये.

११ ऑगस्ट, शनिवार

देवा, जमीन का दुभंगत नाही वेळेवर?

सकाळी क्लोटीलचा फोन. रडवेला आवाज. ओझेलाच्या अंगणात तीन गाड्या उभ्या आहेत, त्यातली एक लांब, काळी. खिडक्यांचे पडदे ओढलेले. काळा सूट घातलेला एक माणूस आत जाताना तिने स्वतः पाहिला. म्हणाली, “गेला बिचारा रॉस्को.”

मी फोन ठेवला आणि कढई चढवली. ताकात भिजवायला वेळ नव्हता, पण दोन कोंबड्या अशा तळल्या की कुणाला कळणार नाही. माझं मोठं निळं झाकणाचं भांडं घेतलं, तळाला नावाची चिकटपट्टी आहेच. काळा पोशाख घातला. काळी टोपी, जाळीसकट. हॉलिस म्हणाला, आधी फोन तरी करून बघ. मी म्हटलं, मयताच्या घरी फोन करून विचारतात का, की मेलाय ना नक्की?

पोचले. गाड्या होत्याच. काळी गाडीही होती. आणि झाडाखाली खुर्ची टाकून, मांडीवर पातेलं घेऊन, शेंगा सोलत बसला होता - रॉस्को!

त्याचा डेट्रॉइटचा पुतण्या होमकमिंगसाठी आठवडाभर आधीच आला होता. लांब काळी गाडी त्याची, नवी कोरी, मिरवायला आणलेली. सूटही त्याचाच. पडदे ओढले होते ते उन्हासाठी. अंगणात सात-आठ माणसं होती, सगळी माझ्या टोपीकडे बघत होती. माझ्या हातात गरम भांडं, झाकणाखालून वास सुटलेला. या वाटेवरच्या पोरालासुद्धा कळतं की काळ्या टोपीत लू आणि हातात भांडं म्हणजे काय.

रॉस्कोने शेंगा खाली ठेवल्या. म्हणाला, “लू, मी कधी गेलो?”

मी टोपीची जाळी वर करून त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

“कुणीतरी मला सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “दाढी तरी केली असती.” आणि मग तो पोट धरून हसायला लागला, पुतण्या हसायला लागला, सगळं अंगण हसायला लागलं. ओझेला दारात आली. ती हसली नाही. तिने माझी टोपी बघितली, मग भांडं बघितलं, आणि भांड्याकडे बघतच राहिली.

मी परत फिरणार तोच रॉस्कोने भांडं हातातून काढून घेतलं. म्हणाला, “मयताचं जेवण मयताला कधी मिळत नाही. मला मिळतंय, ते नेऊ देतो होय?” डॉक्टरने त्याला तळलेलं सक्त बंद केलंय. ओझेला म्हणाली, “एकच.” त्याने तंगडी घेतली आणि डोळे मिटून हाडापर्यंत खाल्ली. बोटं चाटून म्हणाला, “झकास आहे, लू. अगदी तुझी आहे.”

ओझेला एवढंच म्हणाली, “भांडं धुऊन पाठवते.” नऊ वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य!

मी मान ताठ ठेवून गाडीपर्यंत चालत गेले. लाज वाटली, खूप वाटली. पण एक सांगते, जिवंतपणी आपल्या मयताची कोंबडी खाऊन बोटं चाटलेला माणूस या जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि ती कोंबडी माझी होती.

१२ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक. रॉस्को स्वतः आला होता, आणि “पुनरुत्थान झालं बघा” असं म्हणत दारात सगळ्यांशी हात मिळवत होता. सगळ्यात मोठ्याने मीच हसले. लोकांच्या आधी आपण हसलो की त्यांना फार काही उरत नाही. क्लोटील माझ्या शेजारी बसायला आली, मी दोघींच्या मध्ये पर्स ठेवली.

१५ ऑगस्ट

भांडं आलं नाही. रविवारी तेच लागणार, त्याच्याएवढं मोठं दुसरं नाही. मागणार नाही. हॉलिस म्हणतो, मी जाऊन आणतो. खबरदार!

पाटी रंगवून आली. पांढऱ्यावर लाल अक्षरं - मदर आयडाची कोंबडी. किती वेळ बघत उभी होते. आई आयुष्यभर परक्या बायकांच्या स्वयंपाकघरात राबली. तिथे तिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं आणि तिचं नाव कुणी घेतलं नाही. आता शंभर वर्षांच्या जेवणात तिचं नाव सगळ्यात वर लागणार, आणि त्या नावाखाली माझा हात. मला रडू आलं. अभिमानानेच आलं, दुसरं काही नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार

गाव भरून गेलंय. शिकागोचा अझरायामामा आला, आईचा सख्खा चुलतभाऊ, आता ऐंशीच्या पुढे. काठी टेकत म्हणाला, “उद्या आयडाची कोंबडी आहे ऐकलं, म्हणून आलो. नाहीतर या वयात एवढा प्रवास कोण करतं?” मी म्हटलं, “मामा, पोट रिकामं ठेवून या.”

कोंबड्या कापून ताकात टाकल्या. दोन टब भरले. मग चर्चवर टेबलं मांडायला गेले, क्लोटीलला एकटीला सोडायचं नाही म्हणून. परत आले तर व्हरांड्यात माझं निळं भांडं. ओझेला ठेवून गेली होती. हॉलिस म्हणाला की आत ये म्हटलं, पण आली नाही.

भांडं जड लागलं. बरोबरच आहे, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईने दोघींनाही शिकवलंय. मला वाटलं चवळी असेल.

कोंबडी होती. तळलेली.

नऊ वर्षं हिने कढईला हात लावला नाही, आणि आज लावते? उद्या माझा दिवस आहे हे ठाऊक असून? याला काय म्हणायचं, समेट की टोमणा? झाकण लावून टाकलं. मी चाखणार नाही. मला गरज नाही.

हॉलिसने एक तुकडा उचलला आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन खाल्ला. मी विचारलं, कशी आहे? म्हणाला, “गार आहे.” वर बघितलं नाही. माझी कोंबडी खाताना त्याची बडबड थांबत नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

पहाटे कढई काढली आणि उभ्या उभ्याच ओझेलाच्या कोंबडीचा एक घास खाल्ला, नुसतं कळावं म्हणून. पातळ कवच. तिखट नाही, मोहरी नाही. मीठ हाडापर्यंत. आईसारखी नाही - आईचीच. मी विसरले होते. आम्ही सगळेच विसरलो होतो. माझी चांगली आहे, पण आईची ती कधीच नव्हती.

दोन्ही टब गाडीत घालून ओझेलाच्या दारात गेले. म्हटलं, “अॅप्रन बांध.” तिने पहिलं काम काय केलं? माझं सगळं ताक धुऊन टाकलं! कोंबड्या कडक मिठाच्या पाण्यात टाकल्या. मी स्टुलावर बसून बघितलं.

जेवणात अझरायामामाने एक घास घेतला आणि काठी सोडून गवतावर बसला. सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाला, “लुव्हीनिया, तू आयडाला परत आणलंस.”

मी म्हटलं, “मी नाही, मामा. माझ्या धाकट्या बहिणीने.” इतक्या मोठ्याने म्हटलं की पार मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. मग आणखी एकदा म्हटलं.