मीनूले चिमणी म्हणू नये

१६ फेब्रु.
कविता झाली एकदाची! मराठी मंडळाचं काव्यवाचन ७ मार्चले, विषय पाखरू. रोलिंग मिलमधी आयुष्यभर क्रेन चालवली, पण एवढा घाम नाही फुटला. आमच्या मीनूवर लिहिली. ‘भोळी माझी चिमणी, जग तिले कळेना.’ सौ. ऐकून डोळे पुसत होती. (कांदा चिरत होती, तेही खरं.)

१७ फेब्रु.
मीनू दुर्गहून रेल्वेची ड्यूटी करून आली. डबा घासता घासता कविता ऐकली अन् हसली.
“बाबा, मी असिस्टंट लोको पायलट आहो. भोळी असती तं सिग्नल कोनं पाह्यला असता?”
म्हटलं, चिमणी निष्पापच असते, सगळे लिहितात.
“सगळे लिखते हैं. तुमी कधी पाह्यली का?”
राग आला. रविवारी तिले पाहाले राजनांदगावचे लोक येऊन राहिले. त्याईच्यासमोर हीच वाचायचा बेत होता. तो तिले नाही सांगितला.

१९ फेब्रु.
मंडळाच्या वाचनालयात वानखेडे बाई भेटल्या. शाळेत मराठी शिकवत. म्हणाल्या, “साहित्यात पाखरू म्हणजे निरागसपणा. पारधी दुष्ट, पाखरू बिचारं.” चार पुस्तकं काढून दाखवली. चारीमधी पाखरू बिचारं! खुशीत घरी आलो.

२१ फेब्रु.
मीनूले खोटं पाडायचं म्हणून सकाळीच गॅलरीत खुर्ची टाकली. मीटरच्या डब्यामागं खोपा चालू आहे. चिमणा काड्या आणून आणून दमला. चिमणी आली, आत डोकावली, एक काडी ओढून खाली फेकली. मग दुसरी. चिमणा पंख फुलवून वरडून राहिला. ती समोरच्या घराचा छज्जा पाहून आली. परत आली. अजून एक फेकली. साळुंकी घुसाले लागली तं अशी चोच मारली की…
सौ. आतून, “कावून हसून राहिले एकटेच?”

२२ फेब्रु., रवि.
पाहुणे आले. मुलगा निखिल, बँकेत. त्याची आई म्हणे, “लग्नानंतर पोरगी नोकरी सोडन ना?” मी तोंड उघडायच्या आत मीनू, “नाही काकू. निखिल सोडनार का?”
निखिल हसला, बशीत चहा सांडवला. त्याची आई नाही हसली. “कळवतो,” म्हणून गेले.
कविता खिशातच राहिली. मग सौ. मीनूवर अशी भडकली! मी म्हटलं, “बरोबर बोलली ते.” सौ.पेक्षा मलेच जास्त नवल वाटलं. मीनूनं माझ्या ताटात जास्तीची पुरी वाढली.

२५ फेब्रु.
जुनी फाडली. नवी लिहिली: पारखणारी, काडी फेकणारी, साळुंकीले हाकलणारी. वानखेडे बाईले नेऊन दाखवली. चष्मा वर करून म्हणाल्या, “अहो, यात निरागसपणा कुठं गेला?”
म्हटलं, “चिमण्याकडं.”
बाई इतक्या हसल्या की वाचनालयातले दोघं उठून पाहाले आले.

७ मार्च
वाचली. पहिल्या कडव्याले कोणी हललं नाही. दुसऱ्याले मागून एक बाई खुदकन हसली, मग सारा हॉल. मीनू ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्मवरच, दाराजवळ उभी. नंतर म्हणे, “ठीक है बाबा. दूसरा वाला थोडा लंबा है.” म्हणजे आवडली.

१० मार्च
सकाळी निखिलचा फोन. मले नाही, सौ.ले नाही, थेट मीनूले. त्याच्या आईचं मत अजून तेच आहे म्हणे, पण त्याले भेटायचं आहे. मीनूची आज रेस्ट. निळा कुर्ता घालून चार वाजता सिव्हिक सेंटरच्या बाजारात त्याले भेटाले गेली. गाडी सुरू करत म्हणाली, “क्या बोलूँगी, मुझे भी नहीं पता. पूछना मत.”
नाही विचारणार.
साडेपाच. फाटकाशी गाडीचा आवाज आला. घरात आमी तिघं, सौ.नं चहासाठी चार कप काढले. मी एक परत ठेवला. तिनं पुन्हा काढला.