आमच्या खानावळीत गोळ्या मिळत नाहीत

हिरकणीवाडी,
रविवार

आदरणीय बुद्धरत्नदादा,

सप्रेम जय भीम. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्याने तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल, वहिनी तुझं पथ्य सांभाळत असेल (आणि शाळेतून येताना भजी खाऊन तू ते मोडत असशील) असं धरून चालते. आम्ही सगळे ठीक. म्हणजे माणसं ठीक. खानावळीचं इंटरनेटवरचं पान ठीक नाही.

झालं असं, की गेल्या आठवड्यात मी भाकऱ्या थापत असताना मोबाइलवर मेल आला. ज्या कंपनीला पैसे देऊन आम्ही खानावळीची जाहिरात करतो, तिचं नाव, तिचं चिन्ह, सगळं वर होतं. खाली लिहिलेलं, तुमच्या जाहिरातींनी नियम मोडले आहेत, संध्याकाळपर्यंत अपील केलं नाही तर पान कायमचं बंद. माझे हात पिठातच थांबले. आमच्याकडे लोक येतात ते त्या पानावरूनच. गडावरून रोपवेने उतरलेला माणूस आपणहून वाट वाकडी करून आमच्या आळीत येत नाही. आपण कुठला नियम मोडला याचा विचार करू लागले आणि गंमत बघ, मला तो लगेच सापडलासुद्धा! अश्विनचा चुलीपुढचा बनियनमधला फोटो. (मी तेव्हाच म्हटलं होतं, शर्ट घाल.) मेलमधलं बटण दाबलं, पासवर्ड भरला, मोबाइलवर आलेला कोड भरला आणि नवऱ्याच्या बनियनबद्दल रीतसर माफी मागितली. 'आपलं अपील मंजूर' असं आलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मोबाइल घेऊन आल्या. "गो ललिता, ही गोरी बाई कोण? आपल्याकडं जेवायला आली हाय काय?"

आमच्या खानावळीच्या नावाखाली एक परदेशी बाई वजन उतरवायच्या गोळ्या विकत होती आणि त्या जाहिरातीचे पैसे आमच्या कार्डातून जात होते. मला पानात शिरताच येईना. अश्विनने बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, सायबर तक्रार नोंदवली. दुपारी ठाण्याचं एक कुटुंब आलं, पिठलं-भाकरी पोटभर जेवलं आणि हात धुताना त्यातल्या काकूंनी विचारलं, "त्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?" अश्विन हसला. मी मोरीत जाऊन रडले.

मग तो मेल पुन्हा, सावकाश वाचला. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं तर पत्ता निघाला भलताच, तान्ह्या मुलाने कीबोर्डवर हात आपटावा तसा. माझं नाव कुठेच नाही, नुसतं 'प्रिय ग्राहक'. खरी नोटीस असती तर जाहिरातीच्या खात्यात दिसलीच असती. बटण न दाबता मी सरळ तिकडे जाऊन बघायला हवं होतं. हे सगळं समोर होतं, पण दिसलं नाही, कारण मी घाबरले होते. आणि खरं सांगू? कुणी साहेबी भाषेत 'तुम्ही चुकलात' म्हटलं की मी आधी मान खाली घालते, चूक मागाहून शोधते. बाबा नाही का, कचेरीतून पाकीट आलं की फोडण्याआधी शर्टाची बटणं लावायचे? त्या चोराला माझं नाव ठाऊक नव्हतं, पण हे ठाऊक होतं. पैशांपेक्षा मला त्याचाच राग आला.

आता कुणी कितीही घाई करो, मी आधी हात धुते, चहा टाकते, मग वाचते. तूही तसंच कर. आणि कोड कोणाला म्हणजे कोणालाच सांगू नकोस. वहिनीलाही नाही.

तुझी धाकटी बहीण,
ललिता

ता. क. हे फोनवरच सांगणार होते. पण शाळेत सायबरवाल्यांचं भाषण ऐकल्यापासून 'हल्ली आवाजाचीही नक्कल होते' म्हणत तू माझा फोन दोनदा कापलास. म्हणून हे पत्र, पोलादपूरला माहेरी निघालेल्या शेजारच्या शकूच्या हाती.

ता. क. २. पान उघडून दिलंस तेव्हा तू तुझाही नंबर घातला होतास. चोराने माझा काढला, तुझा राहिला. पान परत मिळवायचं तर कोड तुझ्याच मोबाइलवर येणार. मी शनिवारी येते. कोड आला की मला सांग.

ता. क. ३. वर 'कोणालाच नाही' असं लिहिलंय ते बरोबरच आहे. तेव्हा सांगू नकोस, मोबाइल माझ्या हातात दे. पण आधी दार तरी उघड.