रिकाम्या चौकोनातली सही

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय यतीन,

सप्रेम नमस्कार. तू, प्रीता वहिनी आणि निमिष बरे असाल. इकडे सगळं ठीक. शुभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता ती काठीशिवाय मेलबॉक्सपर्यंत जाऊन येते. अनिकाचं कॉलेजचं तिसरं वर्ष सुरू झालं. मागच्या अंगणातल्या मेपलची एकच फांदी लाल झाली आहे, बाकीचं झाड अजून हिरवं. दरवर्षी तीच फांदी घाई करते.

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी धड उत्तर दिलं नाही, म्हणून हे पत्र. तू बोलायला लागलास की मला माझं वाक्य संपवता येत नाही. आपल्या दोघांचीही ती जुनी सवय.

तू म्हणालास, "नंद्या, आता मी क्लबचा सेक्रेटरी आहे यार. कमिटीशी बोललोय. सहा वर्षं झाली, लोक विसरलेत. तू फक्त दोन ओळींचं सॉरी लिही, मी तुझी मेंबरशिप रिस्टोअर करतो."

मी विचारलं, "सॉरी कशाबद्दल?"

"अरे, फॉर्मॅलिटी आहे. तू पण ना, प्रत्येक गोष्टीचं कीर्तन करतोस."

आणि फोन ठेवल्यावर तू तुझ्या प्रदर्शनातल्या, सुवर्णपदकाची फीत लावलेल्या फ्रेमचा फोटो पाठवलास. अभिनंदन राहिलं होतं, ते करतो. मांडणी सुरेख आहे. वर ग्रेट वेस्टर्न रेल्वेची पार्सलवर चिकटवायची तिकिटं, मधे हायलँड रेल्वेची, आणि खाली उजव्या कोपऱ्यात लिंटन-बार्नस्टेपल या छोट्या लाइनचं दोन पेनीचं. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग फोन पालथा ठेवला.

अनिका घरी आली होती. ती म्हणाली, "बाबा, जस्ट ब्लॉक हिम." मी म्हटलं, असं नसतं गं. तर म्हणाली, "इट्स अ स्टॅम्प! व्हॉट्स द बिग डील?"

मग पहिल्यांदाच तिला सगळं समजावून सांगितलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे इंग्लंडात पत्र घाईचं असलं तर लोक ते स्टेशनवर नेऊन देत. लिफाफ्यावर नेहमीच्या टपाल तिकिटाशेजारी त्या रेल्वे कंपनीचं स्वतःचं तिकीट लागायचं, आणि पुढच्या गाडीचा गार्ड ते घेऊन जायचा. आमच्या मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या लाइनवर माझ्या लहानपणी तिकीटबिकीट काही नव्हतं. बाबा चिठ्ठी गार्डच्या हातात ठेवत आणि म्हणत, "कारंज्याला ताईकडे." संध्याकाळी चिठ्ठी आत्याच्या घरी. गार्डने कधी ती उघडून पाहिली असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मला या छंदाचं वेड लागलं ते त्या गार्डमुळे. तुला कशामुळे लागलं, हे मी कधी विचारलंच नाही.

तिला क्लबच्या फिरत्या पाकिटाबद्दलही सांगितलं. एक मेंबर आपली विकायची तिकिटं पुस्तिकांमध्ये चिकटवतो, आणि ते पाकीट यादीप्रमाणे टपालाने घरोघर फिरतं. हवं ते तिकीट काढून घ्यायचं आणि त्या रिकाम्या चौकोनात आपली सही करायची. पाकीट हातात आल्यावर आधी पानन् पान तपासायचं, काही कमीजास्त दिसलं तर लगेच कळवायचं, आणि सगळं जागेवर असेल तरच सोबतच्या कागदावर लिहायचं, 'तपासलं, बरोबर आहे.' ते लिहिलं की मागच्या माणसाची जबाबदारी संपली.

अनिका म्हणाली, "सो द होल थिंग रन्स ऑन ट्रस्ट?"

हो, म्हटलं.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. त्या २०१९ च्या पाकिटात मिसेस हॅलोरन आपल्या दिवंगत नवऱ्याचा संग्रह विकायला काढत होत्या, पण त्या पुस्तिका त्यांनी नव्हे, मी चिकटवल्या होत्या. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून तीन रविवार मी वूस्टरला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते काम केलं. लिंटन-बार्नस्टेपलचं ते तिकीट त्यांच्या नवऱ्याचं सर्वांत लाडकं. चारी बाजूंचे दाते शाबूत, आणि वर छापलेला क्रमांक एकशे चौदा. नवऱ्याच्या वहीतली त्याची क्रमांकासकट नोंद मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

त्या मला म्हणाल्या होत्या, "तू ठेव हे. ज्याला ती गाडी कळते, त्याच्याकडे जाऊ दे, असं तो सांगून गेलाय."

मी नको म्हटलं. यादीत माझ्या आधी तीन नावं होती. नियम म्हणजे नियम, माझ्या नशिबात असेल तर माझ्या पाळीपर्यंत राहील. तिसरं नाव तुझं होतं आणि चौथं माझं.

पाकीट तुझ्याकडून आलं तो गुरुवार होता. पोथीचा अध्याय वाचून उठलो आणि उघडलं. त्या चौकोनात तुझी सही असती तरी चाललं असतं रे. एक दिवस हळहळलो असतो, दुसऱ्या दिवशी तुला फोन करून शिव्या दिल्या असत्या आणि मग ते बघायला जर्सी सिटीला आलो असतो. पण चौकोन रिकामा नव्हता. तिथे त्याच छापाचं दुसरं तिकीट होतं, डावा कोपरा कापलेलं, पाठीमागे विरलेलं. ते कोणाचं, हे मला भिंगाशिवाय कळलं. २०१४ च्या दिवाळीत मीच तुला ते दिलं होतं.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. इतकी वर्षं शुभालाही एवढंच सांगितलं, की अदलाबदल माझ्या लक्षात आली नाही. ते खोटं होतं. मी ओळखलं. पंधरा मिनिटं ते पान समोर ठेवून बसलो. आणि मग पेन घेऊन कागदावर लिहिलं, 'तपासलं, बरोबर आहे', आणि खाली सही केली.

का केली, ते तुला कळेल. २०१२ साली शुभा हॉस्पिटलात होती, अनिका सात वर्षांची. प्रीता वहिनी पाच आठवडे इथे येऊन राहिल्या, तिची वेणी घालून तिला शाळेच्या बसला पोचवत राहिल्या. तू दर शुक्रवारी चार तास ड्राइव्ह करून यायचास आणि रविवारी परत जायचास. ते उपकार मी विसरलेलो नाही, मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्यांची फेड मी माझ्याजवळचं काही देऊन केली नाही. एका म्हातारीचं तिकीट देऊन केली.

पुढचं तुला ठाऊक आहे. माझ्यानंतर पाकीट मेन राज्यातल्या प्रेस्कॉटकडे गेलं, त्याने तिकिटाची अवस्था पाहून लगेच कळवलं, आणि कागदावर शेवटची सही माझी. क्लबने मला काढलं त्या दिवशी वूस्टरच्या हॉलमध्ये मी मान खाली घालून बसलो होतो, कारण मला वाटलं आता तू उठशील. तू उठलास. म्हणालास, "ही इज अ सिंपल मॅन. गावाकडचा आहे. मस्ट बी अ मिस्टेक. प्लीज फर्गिव्ह हिम."

चोर म्हणाला असतास तर सोसलं असतं. तू माझी बाजू घेतलीस!

बाहेर पार्किंगमध्ये मिसेस हॅलोरन गाडीत बसायच्या आधी माझ्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मी तुला देतच होते ना? मग असं का केलंस?"

मी गप्प राहिलो. सहा वर्षं गप्प आहे. रोज देवापुढे बसलो की मनाला सांगायचो, आपण मित्रासाठी सोसतो आहोत. त्यात एक गोडीही होती, खोटं कशाला बोलू. तुझा फोटो पाहिला तेव्हा ती गोडी गेली. तू क्रमांक झाकायचीही तसदी घेतली नाहीस. काचेखाली एकशे चौदा स्पष्ट दिसतो. म्हणजे नंद्या बघेल आणि बोलणार नाही, याची तुला इतकी खात्री होती. ती खात्री मीच तुला दिली. मी चांगुलपणा समजत होतो तो भित्रेपणा होता, आणि तुला तो माझ्याआधी कळला.

म्हणून दोन ओळींचं सॉरी मी लिहिणार आहे, पण कमिटीला नाही. मिसेस हॅलोरन आता नव्वदीच्या आहेत, केअर होममध्ये असतात. कान गेले आहेत, नजर शाबूत आहे. २८ तारखेच्या रविवारी दुपारी दोन वाजता मी त्यांच्याकडे जातो आहे. तुझ्या फ्रेमचा फोटो छापून घेतला आहे. नवऱ्याची वही त्यांच्या उशाशी असते, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. आधी माझ्या खोट्या सहीबद्दलच्या त्या दोन ओळी वाचायला देईन, मग फोटो समोर ठेवेन. त्यानंतर क्लब तुझं काय करेल आणि माझं काय करेल, ते कमिटीने बघावं.

तू आलास तर आपण बरोबर जाऊ. तिकीट तू तुझ्या हाताने त्यांना दे, मी फोटो खिशातून काढणार नाही. दहा दिवस आहेत. फोन करू नकोस, फोनवर तू मला पुन्हा समजावशील आणि मी पुन्हा ऐकेन.

प्रीता वहिनींना नमस्कार सांग. त्यांना यातलं काही माहीत नसावं असं मी धरून चाललो आहे. नसेल तर तू सांग, माझ्याकडून कळायला नको. निमिषला आशीर्वाद.

हे पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून पाहिलं.

तपासलं, बरोबर आहे.

नंदकुमार